चालीत शब्द भरणारी ली छिंगझाओ

रात्री पाऊस पडून गेलाय. विरळच होता, पण वारा पिसाळलेला. झोप गाढ लागली तरी आदल्या रात्रीची दारू पुरती उतरलेली नाही. अंथरुणातूनच बाई विचारते, बाहेरची फुलं कशी आहेत गं? पडदा गुंडाळणारी मुलगी बाहेर एक नजर टाकते आणि म्हणते, आहेत की तशीच. बाई म्हणते, अगं, कळतंय का तुला? कळतंय का? हिरवं जाडावलं असेल आणि लाल हडकलं असेल.

कविता एवढीच. चिनी लिपीत मोजून ३३ अक्षरं. लिहिणारी ली छिंगझाओ, जन्म १०८४, उत्तर चीनमधल्या आजच्या शानतोंग प्रांतात, जीनान शहराजवळ. ‘हिरवं जाड, लाल हडकुळं’ ही चार अक्षरं चीनमध्ये अजून लोकांच्या तोंडी आहेत. २०१८ साली आलेल्या तिथल्या एका गाजलेल्या ऐतिहासिक मालिकेचं नाव म्हणजे याच कवितेचा शेवट, जसाच्या तसा.

तिच्याबद्दल थोडं वाचायला घेतलं की एक ठरलेली गोष्ट पुढे येते: सुखी संसार, मग युद्ध, मग वैधव्य, मग रडकी कविता. यातला एकेक तुकडा खरा आहे. पण त्या गोष्टीत ही बाई नुसती रडत बसलेली दिसते, काम करताना दिसतच नाही. म्हणून आधी तिचं काम पाहू, संसाराकडे नंतर येऊ.

ती जे लिहायची त्या प्रकाराला चिनीत ‘त्स’ म्हणतात. कवितेचा जुना, मानाचा प्रकार ‘शी’. शीमध्ये बहुधा सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या, पाच-पाच किंवा सात-सात अक्षरांच्या. सरकारी परीक्षा, मित्रांचे निरोप, राजकारण, तत्त्वज्ञान हे सगळं शीमध्ये. त्स म्हणजे मुळात गाणं. चाल आधीपासून ठरलेली असायची आणि कवीनं त्या चालीत बसतील असे शब्द द्यायचे. चिनी लोक त्याला ‘त्स लिहिणं’ म्हणत नाहीत, ‘त्स भरणं’ म्हणतात.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून एखाद्या दुसऱ्याच गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात. नाटककारानं ती चाल मनात धरून मराठी शब्द बसवलेले असतात. आता कल्पना करा की काही शतकांनी ती मूळ गाणी पार विसरली गेली, सूर कुणालाच माहीत नाहीत, फक्त पदावरचं ते चालीचं नाव तेवढं उरलं. त्सचं नेमकं हेच झालं. म्हणून या कवितांची नावं वाचून गोंधळ होतो. वरच्या कवितेचं नाव आहे ‘रू मंग लिंग’, म्हणजे साधारण ‘स्वप्नासारखं’. पण कवितेत स्वप्न कुठेच नाही, कारण ते चालीचं नाव आहे. ती चाल घेऊन कुणी हजार कविता लिहिल्या तर हजारही कवितांचं नाव तेच.

चाल गेली तरी साचा उरला. ‘स्वप्नासारखं’चा साचा असा: सहा अक्षरं, सहा अक्षरं, पाच, सहा, मग दोन, तीच दोन पुन्हा, आणि शेवटी सहा. ‘कळतंय का तुला? कळतंय का?’ हे दोनदा येतं ते बाई चिडली म्हणून नव्हे, त्या जागी दोन अक्षरं दोनदा यायचीच असतात म्हणून. तिचं कसब असं की साच्यानं लादलेली पुनरुक्ती तिनं चिडलेल्या माणसाच्या तोंडी इतकी चपखल बसवली, की साचा दिसेनासा झाला.

शिवाय अक्षराअक्षराचा सूर ठरलेला. चिनी भाषेत एकच उच्चार वेगवेगळ्या सुरात केला की वेगळा शब्द होतो. कवितेच्या हिशेबात या सुरांचे दोन गट, सपाट आणि तिरके. कुठल्या जागी सपाट हवा, कुठे तिरका, कुठे दोन्ही चालतील हे चालीनुसार बांधलेलं. आपल्या अक्षरगणवृत्तात लघू-गुरूचा जसा पहारा असतो तसा हा सुरांचा पहारा. त्यावर यमक. आजच्या उच्चारात ऐकायचं तर या कवितेत ओळींच्या शेवटी झोऊ, ज्यू, ज्यू, फोऊ, शोऊ असं येतं. तिच्या काळातले उच्चार निराळे होते, पण यमकाची वीण आजही ऐकू येते.

आता शेवटची ओळ. फुलं गळली, पानं धुऊन टवटवीत झाली, हे सांगायला तिनं फूल आणि पान हे शब्दच वापरले नाहीत. रंग वापरले, आणि रंगांना माणसांची विशेषणं लावली: जाड, हडकुळं. ही विशेषणं बाजारातली, रोजच्या बोलण्यातली. तिच्याच हयातीत होऊन गेलेल्या टीकाकारांना या चार अक्षरांचं कौतुक वाटलं ते याच नवेपणासाठी.

गंमत पुढेच आहे. थांग राजवटीच्या अखेरीस, तिच्या जवळपास दोनशे वर्षं आधी, हान वो नावाच्या कवीनं चार छोट्या ओळी लिहिल्या होत्या: काल मध्यरात्री पाऊस, आज सकाळी गारवा, हायथांगची फुलं आहेत की गेली? कुशीवर वळून पडदा वर करून पाहतो. हायथांग हे रानसफरचंदाच्या जातीचं, वसंतात गुलाबी फुलांनी लगडणारं झाड, आणि छिंगझाओच्या कवितेतलं झाडही तेच. म्हणजे प्रसंग तयारच होता. तिनं काय केलं? पाहणारी आणि विचारणारी अशी दोन माणसं केली. जी पाहते तिला दिसत नाही, आणि जी बघतच नाही तिला सगळं कळतं. हान वोच्या चार ओळींत नाटक नव्हतं, इथे ते आलं.

मग ही कविता म्हणजे एका सकाळी तिला जड झालेल्या डोक्यानं सुचलेली रोजनिशी आहे का? असेलही. पण दोनशे वर्षं जुना प्रसंग उचलून, ठरलेल्या चालीच्या साच्यात, सुरांचे नियम सांभाळून बसवलेल्या ३३ अक्षरांना रोजनिशी म्हणणं मला तरी जड जातं.

हा प्रश्न तिच्याबाबतीत फार कळीचा आहे. त्स मुळात मद्यशाळांत आणि मेजवान्यांत गायला जायचे. गाणाऱ्या बायका, शब्द भरणारे बहुतेक पुरुष. आणि ते पुरुष बाईच्या तोंडून लिहायचे: तो गेला, मी वाट पाहते, शृंगार करावासा वाटत नाही. आपल्याकडे लावणीत हेच झालं. शाहीर पुरुष, नायिका बाई, आणि ‘मी’ म्हणणारी ती. ज्ञानेश्वरांच्या विराण्याही विरहिणीच्याच तोंडी आहेत. होनाजीची लावणी वाचून कुणी होनाजीच्या आयुष्यात तो प्रसंग शोधत नाही, आपण तो प्रकार समजून घेतो. पण छिंगझाओनं त्याच प्रकारात ‘मी’ म्हटलं, की वाचणारे लगेच तिचा नवरा कुठल्या साली कुठे बदलीवर होता ते शोधायला लागतात. तिच्या बहुतेक कवितांवर तारीख नाही. मग काय करायचं? आनंदी कविता लग्नाआधीची किंवा नंतर लगेचची, विरहाची मधली, भकास असेल तर वैधव्यातली. अशी कवितांवरून आयुष्याची मांडणी करायची, आणि मग त्या आयुष्यावरून कवितांचा अर्थ लावायचा. कुत्र्यानं आपल्याच शेपटीमागे धावावं तसला हा प्रकार.

तिला स्वतःला आपण काय करतो आहोत याची पक्की जाण होती. त्सवर तिनं एक छोटा निबंध लिहिला आहे, आणि त्यात भल्याभल्यांची हजेरी घेतली आहे. ल्यू योंग चालीत पक्का, पण भाषा हलकी. छिन ग्वानची कविता गरीब घरातल्या देखण्या मुलीसारखी: रूप आहे, श्रीमंती डौल नाही. ह्वांग थिंगज्येनची चांगल्या जेडसारखी, म्हणजे चीनमधल्या त्या मौल्यवान दगडासारखी, पण दगडाला डाग. आणि सू शी? तो त्या काळचा सगळ्यात मोठा साहित्यिक. शिवाय तिचे वडील ली गफेई हे त्याच्याच शिष्यवर्तुळातले. त्याच्याबद्दल ती म्हणते, याचे त्स म्हणजे ओळी लहानमोठ्या केलेल्या शीच, चालीत बसत नाहीत. तिचं म्हणणं, त्स हे ‘वेगळं घराणं’ आहे. सपाट आणि तिरके सूर पाळले की शी होते. त्सला त्यापुढचे बारकावेही लागतात, अक्षर हलकं की जड, स्वच्छ की घोगरं. वडिलांच्याच गुरूला असं सुनावणारी बाई नुसती हळवी नव्हती.

आता संसार. ११०१ मध्ये, १७ व्या वर्षी तिचं लग्न झाओ मिंगछंगशी झालं. तो २० चा, राजधानी कायफंगमधल्या शाही विद्यापीठात शिकत होता. दोन्ही घरं अधिकाऱ्यांची, पण राजकारणात समोरासमोर. तेव्हा दरबारात सुधारणा हव्या असणारे आणि त्यांना विरोध करणारे यांच्यात वर्षानुवर्षं जुंपलेली होती. लग्नाला वर्ष होतंय तोच विरोधकांची काळी यादी निघाली, नावं दगडावर कोरली गेली, आणि त्यात तिच्या वडिलांचं नाव. सासरे झाओ थिंगझ सत्तेच्या बाजूचे, वर चढत चाललेले. सुनेनं सासऱ्यांना वडिलांसाठी कवितेतून विनवलं. तिच्या त्या काळातल्या एका कवितेची एकच ओळ उरली आहे. सत्ता हात लावू तर भाजेल इतकी तापलेली, आणि काळीज मात्र गार पडावं, असा तिचा अर्थ. पुढे फासे फिरले. ११०७ मध्ये सासरे वारले, त्यांच्या घराण्यावर खप्पामर्जी झाली आणि जोडपं शानतोंगमधल्या छिंगझोऊ गावी निघून गेलं. दहाहून जास्त वर्षं तिथेच.

या संसाराबद्दल पुढे तिनं स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि माझ्या मते तिचं सर्वात थोर लिखाण ते आहे. कविता नव्हे, गद्य. मिंगछंगला जुन्या शिलालेखांचं आणि काशाच्या भांड्यांवरल्या लेखांचं वेड होतं. लेखावर ओला कागद चिकटवून वरून शाई थोपटली की अक्षरं पांढरी आणि बाकी काळं असा ठसा उठतो. असे २,००० ठसे जमवून, पारखून त्यानं ‘जिन शी लू’ नावाचा, म्हणजे धातू-दगडांवरच्या लेखांचा ३० भागांचा ग्रंथ केला. तो गेल्यावर त्या ग्रंथाला छिंगझाओनं उत्तरलेख जोडला. अभ्यासाच्या ग्रंथाचा उत्तरलेख म्हणून तो सुरू होतो आणि पाहता पाहता एका संसाराचा आणि एका राज्याचा जमाखर्च होतो.

त्यातली काही पानं जवळून पाहू.

लग्नानंतर मिंगछंग विद्यापीठातच असायचा. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सुट्टी मिळाली की कपडे गहाण टाकून अर्धा हजार नाणी घ्यायची, श्यांगक्वो मंदिराच्या बाजारात जायचं, ठसे घ्यायचे आणि थोडी फळं. घरी येऊन दोघं समोरासमोर बसून ठसे पाहत फळं खायची. एकदा कुणीतरी शू शी नावाच्या जुन्या चित्रकाराचं पिओनी फुलांचं चित्र आणलं. किंमत दोन लाख नाणी. यांनी ते दोन रात्री घरात ठेवून घेतलं, पैसे काही जमले नाहीत, परत दिलं. मग कित्येक दिवस एकमेकांकडे बघून हळहळत बसली.

छिंगझोऊला जेवण झालं की चहा करायचा आणि पैज लावायची. पुस्तकांच्या ढिगाकडे बोट दाखवून सांगायचं, अमुक गोष्ट कुठल्या पुस्तकात, कितव्या भागात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत आहे. जो बरोबर, तो आधी चहा पिणार. तिची स्मरणशक्ती दांडगी. बरोबर आलं की हातात पेला उचलून इतकं हसायचं की चहा मांडीवर सांडायचा आणि प्यायला एक घोटही उरायचा नाही. हा चहाचा प्रसंग तिच्यावरच्या प्रत्येक लेखात असतो, आणि असावाच.

पण त्याच्या लगेच पुढचं पान सहसा कुणी सांगत नाही. संग्रह वाढला, तशी मोठी कपाटं आली, पुस्तकांना क्रमांक आले, कुलपं आली. पुस्तक वाचायचं तर किल्ली मागायची, वहीत नोंद करायची. कुठे डाग पडला तर तो साफ करून द्यायचा, वर बोलणी. ती लिहिते की सुख शोधायला निघालो आणि उलट काळजी गळ्यात आली. मग तिला ते सोसेना. तिनं ठरवलं: जेवणात दुसरा मांसाचा पदार्थ नको, अंगावर दुसरं भरजरी वस्त्र नको, डोक्यात मोतीपाचू नकोत. वाचलेल्या पैशांतून तिनं साध्या प्रती घ्यायला सुरुवात केली, हाताळायला, डाग पडला तरी चालेल अशा. नवऱ्याविरुद्ध तिनं एक शब्द लिहिलेला नाही. पण वाचणाऱ्याला दोघांमधला फरक कळतो. त्याला संग्रह हवा होता आणि हिला पुस्तकं.

मग ११२७ उजाडलं. उत्तरेच्या जुर्चेन लोकांनी सोंग राजवटीची राजधानी कायफंग घेतली. चित्रकार म्हणून नावाजलेला माजी सम्राट ह्वेईझोंग आणि तेव्हा गादीवर असलेला त्याचा मुलगा, दोघांना कैद करून उत्तरेला नेलं. दुसरा एक राजपुत्र दक्षिणेकडे निसटला आणि त्यानं यांगत्सीपलीकडे राज्य पुढे चालवलं. त्यानंतर उत्तर चीन सोंग घराण्याला परत मिळाला नाही.

त्याच वर्षी मिंगछंगची आई दक्षिणेत वारली, म्हणून तो तिकडे गेला. सामान न्यायचं होतं. काय टाकायचं? छिंगझाओनं ती यादीच दिली आहे. आधी मोठाली जड छापील पुस्तकं टाकली. मग अनेक पट्ट्यांची चित्रं. मग लेख नसलेली भांडी. तरी जास्तच. मग सरकारी छापखान्याची पुस्तकं, सामान्य चित्रं, वजनदार भांडी. इतकं गाळूनही पुस्तकांच्या १५ गाड्या भरल्या. उरलेलं छिंगझोऊच्या दहाएक खोल्यांत कुलूपबंद केलं, पुढच्या वर्षी नेऊ म्हणून. त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यात त्या खोल्या जळून राख झाल्या.

मिंगछंग ज्यांगनिंगचा, म्हणजे आजच्या नानजिंगचा अधिकारी झाला. ११२९ मध्ये तिथे एका रात्री सैन्यात बंड झालं. हाताखालच्या माणसानं आधी सांगूनही त्यानं काही केलं नव्हतं. बंड मोडलं आणि सकाळी पाहतात तर साहेब गायब. रात्रीच दोरावरून शहराची भिंत उतरून पळाले होते. नोकरी गेली. छिंगझाओच्या उत्तरलेखात या रात्रीबद्दल अक्षरही नाही. मात्र त्याच सुमाराची म्हणून तिची एक २० अक्षरांची शी सांगतात, चिनी मुलं ती पाठ करतात: जगावं तर माणसांत वीर होऊन, मरावं तर भुतांतही शूर होऊन, आजही आठवतो श्यांग यू, ज्यानं नदी ओलांडायचं नाकारलं. श्यांग यू हा इसवी सनपूर्व २०२ मध्ये हरलेला सेनापती. होडी तयार असूनही पळून जायला त्याला लाज वाटली आणि त्यानं जीव दिला. सगळा दरबार नदी ओलांडून दक्षिणेत पळालेला असताना ही ओळ कुणाला लागायची ते लागली असणार. नवऱ्यालाही लागावी असा तिचा हेतू होता का, यावर लोक आजही वाद घालतात.

त्याच उन्हाळ्यात नव्या नेमणुकीसाठी मिंगछंगला एकट्याला दरबारी जावं लागलं. ती होडीत, तो काठावर. तिनं ओरडून विचारलं, शहरावर संकट आलं तर मी काय करू? त्यानं दुरूनच उत्तर दिलं: सगळे करतील तेच कर. अगदी वेळ आलीच तर आधी सामान टाक, मग कपडे, मग पुस्तकं आणि गुंडाळ्या, मग जुनी भांडी. पण पूर्वजांच्या पूजेची भांडी स्वतः उचलून ने. जगलीस तर त्यांच्यासकट, मेलीस तर त्यांच्यासकट. विसरू नकोस. आणि घोडा दामटला.

ती हे सगळं जसंच्या तसं लिहिते आणि पुढे निघून जाते. टीका नाही, अश्रू नाहीत.

ऐन उन्हात घोडा दामटल्यानं तो आजारी पडला. ती होडीनं एका दिवस-रात्रीत १०० मैलांच्या आसपास अंतर कापून पोचली. काही दिवसांतच, त्या वर्षाच्या आठव्या महिन्यात, तो गेला. तिचं वय ४५. तिच्यापाशी २०,००० भाग पुस्तकं आणि २,००० भाग ठसे. ते तिनं सुरक्षित म्हणून होंगझोऊला, म्हणजे आजच्या नानछांगला पाठवले, आणि त्याच हिवाळ्यात शत्रूनं होंगझोऊ घेतलं. पुढे ती पळणाऱ्या दरबाराच्या मागे मागे, समुद्रकाठानं, गावोगाव. शावशिंगमध्ये भाड्याच्या घरात अंथरुणाशेजारी ठेवलेल्या पेट्या. रात्री कुणी भिंत फोडून पाच पेट्या नेल्या. तिनं बक्षीस लावलं. दोन दिवसांनी शेजारीच १८ गुंडाळ्या घेऊन बक्षीस न्यायला आला. चोर लांबचा नव्हता, एवढंच ती लिहिते.

११३२ मध्ये ती हांगझोऊत आली, आणि आजारात, हातात उरलंसुरलं सामान असताना तिचं झांग रूझोऊ नावाच्या छोट्या अधिकाऱ्याशी लग्न झालं. एका पत्रात ती सांगते की त्याला तिच्या चीजवस्तू हव्या होत्या आणि तो रोज मारहाण करायचा. तिनं काय केलं ते कळायला त्या वेळचा कायदा समजून घ्यावा लागतो. बायकोनं नवऱ्यावर फिर्याद केली तर ती खरी ठरली तरी बायकोला दोन वर्षं तुरुंग. आणि वारंवार परीक्षेत नापास होणाऱ्या उमेदवारांना ठरावीक खेपांनंतर सवलतीनं नोकरी मिळायची. झांगनं आपल्या खेपा वाढवून दाखवल्या होत्या. तिनं मारहाणीची नाही, या लबाडीची फिर्याद केली. त्यामुळे प्रकरण घरगुती राहिलं नाही, सरकारची फसवणूक झालं. झांग हद्दपार झाला, लग्न मोडलं, ती तुरुंगात गेली. नऊ दिवसांत सुटली, कारण दरबारातले छी छोंगली मध्ये पडले. ते मिंगछंगचे नातलग. पत्र त्यांनाच आभाराचं आहे. लग्न शंभर दिवसही टिकलं नव्हतं. कायद्याची फट शोधून दोन वर्षांची शिक्षा अंगावर घेणारी ही तीच, जिच्या डोक्यात कितव्या पानावर कितवी ओळ हे पक्कं असायचं.

तिच्या हयातीतच एका लेखकानं तिच्या प्रतिभेची तारीफ करून, हिच्याइतकी निर्लज्ज बाई लिहित्या घरांत झाली नाही असं लिहून ठेवलं. पुढे छिंग राजवटीत उलटं झालं. विधवेनं पुन्हा लग्न करणं इतकं कमीपणाचं वाटू लागलं, की विद्वानांनी हे लग्न झालंच नव्हतं, पत्रात कुणी भेसळ केली, हे सिद्ध करायला ग्रंथ खर्ची घातले. आज बहुतेक अभ्यासक लग्न झालं असंच मानतात. तिच्यावर शिंतोडे उडवणारे आणि तिला धुऊन काढणारे, दोघांचाही प्रश्न एकच होता: बाई पतिव्रता होती का? कविता बाजूलाच राहिली.

११३४ मध्ये पुन्हा हल्ल्याची आवई उठली आणि ती जिनहुआला गेली. तिथे तिनं एका पटावरच्या खेळावर पुस्तिका लिहिली, आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं की मला जुगाराचे खेळ फार आवडतात, रात्र रात्र जेवणखाण विसरते, आणि दर वेळी मीच जिंकते. ‘दुःखी विधवा’ या चित्रात हे कुठे बसवायचं?

जिनहुआच्याच मुक्कामातली मानतात ती कविता वसंताच्या शेवटाची. ऐकलं, जोड-ओढ्याकाठी वसंत अजून छान आहे. म्हटलं आपणही होडीतून जावं. पण त्या नाकतोड्याएवढ्या होडीला एवढं दुःख पेलवेल का, याची भीती वाटते. दुःखाला वजन देणारे कवी तिच्या आधीही होते. पण १५ गाड्या भरताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा हिशेब जिनं केला, तिच्या ओळीत ‘पेलवेल का’ हे मला नुसती उपमा वाटत नाही. त्यात ओझं उचलून पाहिलेल्या माणसाचा अंदाज आहे.

आणि ‘शंग शंग मान’. मान म्हणजे संथ. ही संथ चालीची रचना. सुरुवातच सात जोड्यांची, १४ अक्षरं: श्युन श्युन मी मी, लंग लंग छिंग छिंग, छी छी त्सान त्सान छी छी. (मराठी कानाला ‘छी छी’ ऐकून हसू येणार, नाइलाज आहे.) शब्दशः पाहिलं तर शोध शोध, चाचप चाचप, गार गार, सुनं सुनं, उदास उदास, भकास भकास, खिन्न खिन्न. द्विरुक्ती आपल्या भाषेच्या रक्तातच आहे, झुळझुळ, रिमझिम, भिरभिर, त्यामुळे आपल्याला हे ओळखीचं वाटतं. तिच्या प्रकारात मात्र सात जोड्या सलग लावणं हे धाडस होतं. क्रमही पाहा: आधी हात काहीतरी शोधतात, मग खोलीतला गारवा जाणवतो, मग तो आत उतरतो. काय हरवलंय ते ती सांगत नाही.

पुढे हवा क्षणात उबदार, क्षणात गार. दोन-तीन पेले पातळ दारू, ती संध्याकाळच्या वाऱ्यापुढे काय टिकणार? वरून रानहंस जातात, आणि जीव तुटतो, कारण ते जुने ओळखीचे. शरदात हे पक्षी उत्तरेकडून दक्षिणेला येतात. म्हणजे ते तिच्या गावावरून आलेले, जिथे तिला जाता येत नाही. अंगणात शेवंतीचा खच. मग ती ओळ: खिडकीशी बसून, एकटीनं अंधार पडेपर्यंत कसं काढायचं? इथे यमकाच्या जागी तिनं ‘हेई’ म्हणजे ‘काळं’ हा साधा, बोलीतला शब्द ठेवला. या अक्षरावर यमक जुळवायची दुसऱ्या कुणाची प्राज्ञा नाही, असं सोंग काळातल्याच एका टीकाकारानं म्हटलं आहे. शेवटी वू-थुंग झाडाच्या रुंद पानांवर बारीक पाऊस, तिन्हीसांजेपर्यंत द्यान द्यान दी दी, थेंब थेंब. जीभ दातांमागे आपटत राहते, पाऊस अर्थातून नाही, तोंडातून पडतो. आणि ती म्हणते, या सगळ्याला ‘दुःख’ हे एक अक्षर कसं पुरावं?

तिचे त्स एकत्र केलेले संग्रह हरवले. इतरांच्या निवडक संग्रहांतून गोळा होऊन आज पन्नासच्या आसपास तिच्या नावावर आहेत, आणि त्यातल्या काहींवर वाद आहे. बुध ग्रहावरच्या विवरांना कलावंतांची नावं देतात. तिथे एक तिच्या नावाचं आहे, आणि त्याच ग्रहावर आपले कालिदास आणि वाल्मीकीही आहेत.

ती साधारण ११५५ च्या सुमारास गेली. तिच्या शेवटच्या वर्षांतला एक प्रसंग दुसऱ्याच एका बाईच्या मृत्युलेखात सापडतो. तो लेख कवी लू योऊनं लिहिला, सुन घराण्यातल्या एका प्रतिष्ठित बाईसाठी. ही लहानपणी हुशार होती, म्हणून छिंगझाओनं, सत्तरीकडे झुकलेली असताना, आपली सगळी विद्या तिला शिकवायची तयारी दाखवली. मुलगी दहाबारा वर्षांची. तिनं नम्रपणे नाही म्हटलं: लिहिण्याची प्रतिभा हे बायकांचं काम नव्हे. लू योऊनं हे तिच्या सद्गुणांत नोंदवलं आहे. शिकवायला आलेल्या बाईचं नाव त्या लेखात नाही. तिथे फक्त ‘कै. झाओ मिंगछंग यांची पत्नी ली’ असं आहे.